अर्धेच पुस्तक : भारतातील लांबशिंगी भुंगेऱ्यांच्या ओळखीचा इतिहास

३० जून २०२४ रोजी कोलकात्यात, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या वर्धापनदिनी, देशातील समस्त प्राण्यांची सूची एका संकेतस्थळावर खुली करण्यात आली. संपूर्ण प्राणिसृष्टीची अशी यादी तयार करणारा भारत हा पहिला देश, अशा मथळ्यांनी ती बातमी सर्वत्र झळकली. आकडा होता १,०४,५६१ प्रजातींचा. माझे शिक्षण भौतिकशास्त्रातले. सहा आकडी संख्या दिसली की तिच्यातील अनिश्चितता किती, हा प्रश्न आमच्या डोक्यात आपोआप उभा राहतो. म्हणून त्या महाकाय यादीतील एकच कोपरा उचलून त्याचा माग काढायचे ठरवले. तो कोपरा म्हणजे सेरॅम्बिसिडी कुल, अर्थात लांबशिंगी भुंगेरे. भारतातून त्यांच्या सुमारे दीड हजार प्रजातींची नोंद आहे. यांपैकी एखादा भुंगेरा उद्या आपल्या हाती आला, तर त्याचे नाव सांगता येईल का? शोध घेतल्यावर जे उत्तर हाती आले, त्याने मला या कीटकांच्या दोनशे-अडीचशे वर्षांच्या इतिहासात ओढून नेले.

हे कीटक आपल्याला अगदीच अपरिचित नाहीत. कोकणातला आंबा बागायतदार ज्याला ‘भिरूड’ म्हणतो, ती खोड पोखरणारी जाडजूड पांढरी अळी म्हणजे बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा या लांबशिंगी भुंगेऱ्याचे बालपण. काजूच्या बुंध्यातून भुसा बाहेर टाकणारा ‘रोठा’ हा त्याच कुलातला, पण निराळ्या शाखेचा. शेतकऱ्याने नावे दिली ती झाडावरून आणि नुकसानीच्या खुणांवरून. त्याच्या कामापुरते ते वर्गीकरण चोख आहे. शास्त्रातले नाव मात्र ग्रीक पुराणातून आले. ओथ्रिस पर्वतावरच्या केरांबोस नावाच्या गायक मेंढपाळाने वनदेवतांचा अपमान केला आणि त्यांनी त्याला लाकूड कुरतडणारा शिंगाळ किडा करून टाकले, अशी ती कथा. लिनियसने १७५८ साली प्राण्यांच्या द्विपद नामकरणाचा पाया घालताना ‘सेरॅम्बिक्स’ हा वंश योजला तो याच किड्याच्या नावावरून.

‘शिंगे’ म्हणजे अर्थातच मिशा, शास्त्रीय परिभाषेत शृंगिका. बहुतेक प्रजातींत त्या शरीराइतक्या किंवा त्याहूनही लांब असतात, नरामध्ये तर कधी कधी दुप्पट-तिप्पट. पण केवळ लांब मिशांवर विसंबून चालत नाही, कारण या कुलात आखूड मिशांचे सभासदही आहेत. त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे डोळा. अनेक प्रजातींत तो मुत्रपिंडाच्या आकाराचा असून मिशीच्या मुळाभोवती वळसा घालून बसलेला असतो. पायाच्या पंज्याची गंमत आणखी वेगळी. त्याला पेरे पाच असतात, पण चौथे पेर इतके चिमुकले आणि तिसऱ्याच्या पाळीत असे दडलेले की मोजणाऱ्याला ती चारच वाटतात. पकडल्यावर यांतले पुष्कळ भुंगेरे करकरतात. छातीच्या पुढच्या भागाची मागची कड मधल्या भागावरच्या बारीक रेघांच्या पट्ट्यावर घासून हा आवाज निघतो. कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवल्यासारखाच हा प्रकार. भुंगेऱ्यांच्या या आवाजाच्या इंद्रियांवर १९०० साली एक सविस्तर निबंध लिहिला गेला. त्याचा लेखक होता चार्ल्स जोसेफ गॅहन. या कथेचा मुख्य पुरुष तोच. पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी थोडे मागे, तमिळ किनाऱ्यावर जायला हवे.

तरंगंबाडी, म्हणजे त्या काळचे ट्रँकेबार, ही डेन्मार्कची वसाहत होती. लिनियसचा विद्यार्थी योहान गेरहार्ड कोनिग १७६८ साली तिथल्या मिशनमध्ये दाखल झाला. औषधोपचार सांभाळून तो वनस्पती आणि कीटक गोळा करी आणि युरोपात पाठवी. त्याच्यामागून तिथल्या इतर मिशनऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी ही परंपरा चालू ठेवली. हे किडे ज्यांच्या हाती पडत त्यांत मोठे नाव योहान ख्रिश्चन फॅब्रिशियसचे. हाही लिनियसचाच शिष्य. गुरूने पंखांवरून कीटकांची मांडणी केली, तर शिष्याने तोंडाचे अवयव प्रमाण मानले. १७७५ साली त्याने एका वंशाला ‘लॅमिया’ हे नाव दिले. ग्रीक कथांतली मुले खाणारी राक्षसीण ती लॅमिया. पुढे या नावावरून एक संपूर्ण उपकुलच ओळखले जाऊ लागले, लॅमिनी. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

फॅब्रिशियसची वर्णने आज वाचली तर थक्क व्हायला होते, ती त्यांच्या तोकडेपणामुळे. रंग, काटे, ठिपके यांबद्दल लॅटिनमधील दोन-चार ओळी, आणि ठिकाण म्हणून अनेकदा नुसते ‘पूर्व भारत’. त्या काळी तेवढे पुरे होते. जगात ज्ञात भुंगेरेच थोडे होते. पण प्रजातींची संख्या वाढली तशी एकाच वर्णनात बसणारे चार-चार भुंगेरे सापडू लागले. मग फॅब्रिशियसला अभिप्रेत होता तो यांतला कोणता? हे ठरवण्याचा एकच मार्ग उरतो : त्याने पाहिलेला मूळ किडा शोधून काढणे. तो कोपनहेगनच्या संग्रहालयात असेल तर तिथे, लिनियसचा असेल तर लंडनला; कारण लिनियसच्या मृत्यूनंतर त्याचा संग्रह १७८४ साली एका इंग्रज तरुणाने विकत घेतला होता.

हा मूळ किडा म्हणजे वर्गीकरणशास्त्रातला ‘प्ररूप नमुना’. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कल्पना समजायला एक सोयीचा दाखला आहे. १८८९ पासून २०१९ पर्यंत एक किलोग्रॅम म्हणजे काय, याचे उत्तर पॅरिसजवळच्या तिजोरीत ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोलाकार ठोकळा हेच होते. त्याच्या प्रती देशोदेशी वाटल्या गेल्या. भारताच्या वाट्याची, ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ रोजी आम्ही तो ठोकळा निवृत्त केला आणि वस्तुमानाचे एकक प्लांकच्या स्थिरांकाला बांधले. प्रजातीच्या नावाला अशी सुटका नाही. नाव बांधलेले असते ते एका टाचणीवरच्या एका वाळलेल्या किड्याला. वर्णन चुकले, चित्र चुकले, वंश बदलला, तरी नाव त्या किड्यासोबत जाते. आणि ठोकळ्याच्या जशा प्रती काढता येतात, तशी या किड्याची प्रत निघत नाही.

याचे विलक्षण परिणाम होतात. मध्य भारतातील सालवृक्षांचा कर्दनकाळ ठरलेला भुंगेरा म्हणजे होप्लोसेरॅम्बिक्स स्पिनिकॉर्निस. १९२३ ते १९२८ या काळात मंडल्याच्या जंगलात आणि पुन्हा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशात त्याने जो उच्छाद मांडला, तो वनखात्याच्या इतिहासातला एक काळा अध्याय आहे. या शतप्रतिशत ‘भारतीय’ वाटणाऱ्या किडीला नाव मिळाले १८४२ साली, तेही फिलिपिन्समधून आलेल्या किड्यांवरून. ह्यू कमिंग या संग्राहकाने तिथून आणलेल्या भुंगेऱ्यांचा अभ्यास एडवर्ड न्यूमनने लंडनमध्ये केला. फिलिपिन्समध्ये आपला साल नाही. पण सालाच्या कुलातले इतर वृक्ष आहेत आणि या भुंगेऱ्याचा वावर तिथपर्यंत आहे.

कॉफीची कथा तर अधिकच चटका लावणारी. १८६० च्या दशकात कोडगू आणि म्हैसूरच्या मळ्यांत कॉफीची झाडे उभ्या उभ्या वाळू लागली. मळेवाले त्या किडीला नुसते ‘बोअरर’ म्हणत. मद्रास सरकारने डॉक्टर जॉर्ज बिडी यांना चौकशीला पाठवले आणि त्यांचा अहवाल १८६९ साली प्रसिद्ध झाला. कॉफीचे खोड पोखरणारे काही एकच प्राणी नव्हते. लाल बोअरर म्हणून ओळखली जाणारी अळी तर चक्क एका पतंगाची आहे. मुख्य गुन्हेगार होता झायलोट्रेकस क्वाड्रिपेस, काळ्या अंगावर पांढरट पट्टे असलेला, उडताना गांधीलमाशीसारखा भासणारा लहानसा लांबशिंगी भुंगेरा. योगायोग असा की पॅरिसमध्ये शेव्रोला या कीटकशास्त्रज्ञाने नेमके १८६३ साली त्याचे नामकरण केले होते. एकीकडे मळे उजाड होत होते, दुसरीकडे त्याच किड्याला लॅटिन नाव मिळत होते. (‘क्वाड्रिपेस’ म्हणजे चार पायांचा. सहा पायांच्या प्राण्याला हे नाव! एकदा दिलेले नाव चुकीचे वाटले म्हणून बदलता येत नाही, असा नियमच आहे.) ओळख पटल्यावर सवयी कळतात. ही मादी उन्हात तापलेल्या खोडाच्या सालीतील भेगांत अंडी घालते. म्हणून सावली राखणे हा आजही कॉफीच्या मळ्यातला पहिला उपाय आहे. अरेबिकाला ती जितका त्रास देते तितका रोबस्टाला देत नाही, हेही मळेवाल्यांनी मोठी किंमत मोजून शिकून घेतले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील शेकडो लांबशिंगी भुंगेऱ्यांची नावे लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, जिनोआ इथल्या नियतकालिकांत विखुरली होती. लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषांत. डेहराडूनच्या एखाद्या वनाधिकाऱ्याने ओंडक्यातून निघालेला भुंगेरा हातात घेतला, तर ही सारी नियतकालिके त्याला कुठून मिळणार? या गरजेतूनच ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ ही ग्रंथमाला निघाली होती. त्या मालेतील भुंगेऱ्यांचा पहिला खंड १९०६ साली आला. विषय सेरॅम्बिसिडी, लेखक गॅहन.

गॅहन मूळचा आयरिश, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागातला. लेओनार्दो फेआ या इटालियन संग्राहकाने ब्रह्मदेशातून नेलेल्या लांबशिंगी भुंगेऱ्यांवर त्याने १८९४ मध्येच मोठे काम प्रसिद्ध केले होते. त्यामुळे हिंदुस्थान, श्रीलंका आणि ब्रह्मदेश अशा विस्तीर्ण प्रदेशाचे भुंगेरे एका पुस्तकात बसवण्याची पात्रता त्याच्याइतकी क्वचितच कुणाकडे असेल. त्याचे वर्णन स्पष्ट, मापे नेमकी, आणि जागोजागी रेखाचित्रे. पण पुस्तकाचा खरा प्राण म्हणजे त्यातील ओळख-किल्ल्या. किल्लीत प्रत्येक पायरीवर दोन पर्याय असतात : छातीला बाजूस काटा आहे की नाही? डोळ्याचे कण बारीक की जाड? उत्तर निवडायचे आणि पुढे जायचे. दहा पायऱ्यांत तत्त्वतः १,०२४ प्रजाती वेगळ्या करता येतात, अकरा पायऱ्यांत २,०४८. भारतातील दीड हजार प्रजातींसाठी आदर्श किल्लीला अकरा प्रश्न पुरावेत! प्रत्यक्षात निसर्ग इतका शिस्तीत विभागलेला नसतो आणि प्रश्न कित्येक पट वाढतात. तरीही तत्त्व हेच.

आता अडचण अशी की गॅहनचा हा खंड प्रायोनिनी, लेप्चुरिनी, सेरॅम्बिसिनी वगैरे उपकुले घेतो आणि लॅमिनीच्या उंबरठ्यावर थांबतो. ज्या राक्षसिणीचे नाव लक्षात ठेवायला सांगितले होते, तिचे घराणे या पुस्तकात नाही. आणि हे घराणे किरकोळ नव्हे. जगातील लांबशिंगी भुंगेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे वीस हजारांहून जास्त प्रजाती लॅमिनीत मोडतात. भारतातही सर्वांत मोठे उपकुल तेच. १९१३ मध्ये गॅहन कीटक विभागाचा प्रमुख झाला आणि १९२७ पर्यंत त्या पदावर राहिला. लॅमिनीचा खंड आला नाही. ग्रंथमालेत पुढे इतर भुंगेऱ्यांचे अनेक खंड निघाले. चाळीसच्या दशकात माला मंदावली, स्वातंत्र्यानंतर नाव बदलून पुन्हा सुरू झाली. पण संपूर्ण भारताच्या लॅमिनीसाठी गॅहनच्या तोडीचे पुस्तक आजतागायत झालेले नाही.

लॅमिनी वेगळे कसे ओळखायचे, हे इथेच सांगून टाकतो, कारण ते मुळीच कठीण नाही. बाजूने पाहिले तर लॅमिनीचा चेहरा सरळ खाली उतरतो, एखाद्या कड्यासारखा. काहींचा तर मागे, छातीकडे वळतो. सेरॅम्बिसिनीचा चेहरा पुढे तिरका झुकलेला असतो. तोंडाजवळच्या लहान स्पर्शकांचे शेवटचे पेर लॅमिनीत टोकदार, तर इतरांत बहुधा तोडल्यासारखे बोथट. आणि पुढच्या पायाच्या नडगीवर आतल्या अंगाला एक तिरकी खाच असते. तिच्यातून ओढून हे कीटक आपल्या मिशा साफ करतात. उपकुलापर्यंत पोहोचणे एवढे सोपे आहे. कठीण आहे ते त्यापुढचे, जिथे पुस्तकच संपते.

पोकळी रिकामी राहत नाही. ती भरली दोन विक्षिप्त म्हणावेत अशा माणसांनी. पहिला फ्रेंच मोरिस पिक. यंत्रवत वेगाने तो जगभरच्या भुंगेऱ्यांना नावे देत सुटला. त्यासाठी त्याचे स्वतःचे नियतकालिक होते, म्हणजे लेखक तोच आणि संपादकही तोच. त्याने दिलेल्या नावांची मोजदाद हजारोंत करावी लागते आणि त्यांतली पुष्कळशी वर्णने दोन-तीन ओळींत आटोपतात. दुसरा ऑस्ट्रियन, पुढे पॅरिसमध्ये स्थायिक झालेला श्टेफान फॉन ब्रॉयनिंग. हा व्यावसायिक शास्त्रज्ञ नव्हता, हौशी होता. पण हौस कसली, व्रत म्हणा. सुमारे अर्धशतकभर त्याने जवळपास फक्त लॅमिनीचा ध्यास घेतला आणि सात हजारांहून अधिक नवी नावे प्रसिद्ध केली. जगातील लॅमिनीची संपूर्ण सूचीही त्यानेच केली.

ब्रॉयनिंगबद्दल वर्गीकरणतज्ज्ञांचा सूर आदर आणि वैताग यांच्या मिश्रणाचा असतो, आणि तो मला समजू शकतो. त्याने घातलेली वंशांची चौकट अजूनही वापरात आहे. पण त्याची बहुसंख्य वर्णने चित्राविना आहेत. ‘अमुक प्रजातीसारखी, फक्त ठिपका थोडा मोठा’ अशा धर्तीची. ती दुसरी प्रजाती ज्याने पाहिलेली नाही, त्याला या वाक्याचा उपयोग शून्य. त्याने तपासलेले नमुने नाना देशांच्या संग्रहालयांत विखुरलेले. परिणामी आसामात किंवा निलगिरीत एखादा लॅमिनी भुंगेरा सापडला, तर तो नवीन आहे की ब्रॉयनिंगने कधीच नाव देऊन ठेवलेला, हे ठरवण्यासाठी युरोपातील टाचण्यांवरचे किडे पाहण्यावाचून गत्यंतर नसे. माझ्या मते दोष एकट्या ब्रॉयनिंगचा नाही. नावे देणे हे एका माणसाच्या आवाक्यातले काम. ती नावे इतरांना वापरता येतील असा ग्रंथ घडवणे हे संस्थेचे काम, आणि ते कोणत्याच संस्थेने अंगावर घेतले नाही. हे अशक्य होते असेही नव्हे. चिमुकल्या लाओसच्या भुंगेऱ्यांवर १९७० साली सचित्र ग्रंथ निघाला, तिथे राहणाऱ्या रोंदों या फ्रेंच संग्राहकाच्या चिकाटीमुळे; आणि त्यातील लॅमिनीच्या भागाला हातभार होता खुद्द ब्रॉयनिंगचा.

या काळात भारतात कुणी काहीच करत नव्हते असा समज होऊ नये. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत एक निराळाच मार्ग चोखाळला जात होता. जंगलात दिसते ती अळी. पंखवाला भुंगेरा पावसाच्या तोंडावर बाहेर पडतो आणि काही आठवड्यांत संपतो. वनाधिकाऱ्यांना ओळख हवी होती अळीची. स्टेबिंग यांचे जंगलातील उपद्रवी भुंगेऱ्यांवरचे जाडजूड पुस्तक १९१४ मध्ये आले. त्यानंतर गार्डनर यांनी वर्षानुवर्षे भुंगेऱ्यांच्या अळ्यांचे जबडे, कपाळाची ठेवण, श्वासरंध्रे यांची सूक्ष्म वर्णने प्रसिद्ध केली. ओंडके पिंजऱ्यात बंद करून ठेवायचे, आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्यांतून कोणता भुंगेरा बाहेर पडतो त्याची वाट पाहायची. म्हणजे अळी, झाड आणि भुंगेरा यांची गाठ पक्की बसते. बीसन आणि भाटिया यांचा या कुलाच्या जीवनक्रमावरचा १९३९ सालचा प्रबंध अशाच नोंदींवर उभा आहे. कोणता भुंगेरा कोणत्या झाडाच्या कोणत्या अवस्थेतील लाकडात वाढतो, यासाठी आजचे अभ्यासकही तो उघडतात.

सालाच्या किडीवरचा उपायही अशाच निरीक्षणातून निघाला. पहिल्या पावसाबरोबर बाहेर पडलेले हे भुंगेरे ताज्या तोडलेल्या सालवृक्षाच्या रसाकडे दुरून धाव घेतात. म्हणून काही झाडे मुद्दाम पाडायची, ओंडक्यांची टोके ठेचायची आणि रसावर जमलेले भुंगेरे वेचून मारायचे. मजुरांना मोबदला मिळे तो भुंगेऱ्यांच्या मुंडक्यांच्या मोजणीवर. १९९० च्या दशकातही पद्धत मूलतः हीच होती.

ओळख चुकली तर काय बिघडते, असा प्रश्न एखादा वाचक विचारील. त्याचे उत्तर महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांत मिळते. गेल्या काही दशकांत इथल्या वेलींना खोडकिड्याने ग्रासले आहे, आणि बागायतदाराच्या तोंडी तो नुसता ‘खोडकिडा’ असतो. प्रत्यक्षात हे दोन वेगळे लांबशिंगी भुंगेरे आहेत. एक सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर. त्याला नाव दिले फॅब्रिशियसने. जुन्या वनसाहित्यात तो बाभळीची किड म्हणून प्रसिद्ध. त्याची अळी जिवंत वेलीत वाढते आणि छिद्रातून भुसा बाहेर ढकलते. तो वेलीखाली पडलेला दिसतो. दुसरा स्ट्रोमॅटियम बार्बाटम. हा मूळचा वाळक्या लाकडाचा भोक्ता. घरातल्या फर्निचरमधून काही वर्षांनी अचानक बाहेर पडणारा भुंगेरा बऱ्याचदा हाच. त्याची मादी वेलीच्या सुटलेल्या सालीखाली अंडी घालते, आणि अळी वाळलेल्या गाभ्यात पोखरत जाते. भुसा आतच गच्च भरून राहतो, बाहेर खूण नाही. पहिल्यावर छिद्र शोधून औषध सोडण्याचा उपाय लागू पडतो. दुसऱ्याला तेच करू जावे तर छिद्रच सापडत नाही. तिथे सुटी साल काढून अंडी घालायला जागाच न ठेवणे महत्त्वाचे. एकाच नावाखाली दोघांना घातले की एकाच्या औषधाचा खर्च दुसऱ्यावर वाया जातो.

आणि या दोघांपैकी स्ट्रोमॅटियम गॅहनच्या पुस्तकात आहे. सेलोस्टर्ना नाही, कारण ती लॅमिनी. आंब्याचा भिरूडही लॅमिनीच. म्हणजे फळबागांतील दोन मोठे शत्रू त्या न झालेल्या खंडात अडकलेले. (सेलोस्टर्नाचे स्पेलिंगही दोन प्रकारे छापले जाते, त्यामुळे संगणकावर शोधताना निम्मे संदर्भ हाती लागतच नाहीत.)

अलीकडे चित्र पालटू लागले आहे. २०१७ मध्ये कारियण्णा, मोहन, गुप्ता आणि व्हिटाली यांनी भारतातील लांबशिंगी भुंगेऱ्यांची सूची ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. दीड हजाराचा आकडा आपण आज विश्वासाने उच्चारतो त्यामागे हे काम आहे. पॅरिसच्या संग्रहालयातील अनेक प्ररूप नमुन्यांची छायाचित्रे आता घरबसल्या पाहता येतात, त्यामुळे ब्रॉयनिंगच्या दोन ओळींना निदान चेहरा मिळाला. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार भारतात सापडलेल्या नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना देशातील अधिकृत संग्रहालयाकडे द्यावा लागतो. फॅब्रिशियसच्या काळी सुरू झालेली एकमार्गी वाहतूक तिथे थांबली. डीएनए बारकोडिंगची जोडही आहे. मायटोकॉन्ड्रियातील एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि संग्रहातील तुकड्यांशी ताडून पाहायचा. विशेषतः अळीची ओळख पटवायला हे वरदान आहे. गार्डनर यांना जिथे वर्षभर थांबावे लागे तिथे आता काही दिवस पुरतात.

पण बारकोड हा निव्वळ तुलनेचा खेळ आहे, हे विसरले जाते. संग्रहात पहिल्यांदा ज्याने तुकडा भरला त्याने किड्याचे नाव चुकीचे लावले असेल, तर पुढची प्रत्येक ओळख तीच चूक घोटवते. मापनशास्त्रात याला आम्ही सदोष अंशांकन म्हणतो. तराजू कितीही सूक्ष्म असो, वजनच खोटे असेल तर काय उपयोग? शिवाय या कुलातील काही प्रजातींत त्या जनुकाच्या निकामी नकला पेशीकेंद्रकातही आढळल्या आहेत आणि त्या खऱ्याबरोबर वाचल्या जाऊन घोटाळा होतो. म्हणजे फिरून आपण चेहरा, नडगी आणि टाचणीवरच्या किड्यापाशीच येतो.

पावसाळा सुरू झाला की दिव्याच्या उजेडावर हे पाहुणे भिंतीवर येऊन बसतात आणि मोबाइलवर त्यांचे फोटो निघतात. ते जवळजवळ सगळे पाठीकडून काढलेले असतात. पाठ देखणी दिसते हे खरे, पण वर सांगितलेल्या खुणांपैकी एकही तिथून दिसत नाही. एक फोटो बाजूने घ्या, चेहऱ्याचा कोन कळेल असा. एक पुढच्या पायाच्या नडगीचा, जमल्यास आतल्या अंगाने. एक पोटाकडून. भुंगेरा लाकडातून निघाला असेल तर ते झाड कोणते, फांदी ओली की वाळकी, भुसा बाहेर पडला होता की आत, हे लिहून ठेवा. सोबत ठिकाण आणि तारीख. नुसते ‘पूर्व भारत’ लिहू नका. फॅब्रिशियसने ते केले होते आणि अजूनही आपण ते निस्तरतो आहोत.